दुसरी पृथ्वी कशी असेल?

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत ठळकपणे झळकली. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या 'के२-१८ बी' नावाच्या ग्रहावर सजीवांची चाहूल लागली असावी, असे त्या बातमीत म्हटले होते. हे संशोधन करणाऱ्या केंब्रिज विद्यापीठातील गटाचे प्रमुख निक्कू मधुसूदन हे भारतीय वंशाचे, बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेले. साहजिकच आपल्याकडे या बातमीचे कौतुक जरा जास्तच झाले. चार दिवस चर्चा झाली, आणि मग क्रिकेटचे सामने सुरू होते, त्यात ती विरूनही गेली. पुढे त्या ग्रहाचे काय झाले, हे सांगण्याची तसदी मात्र फारशी कुणी घेतली नाही.

ते आपण पाहणारच आहोत. पण त्याआधी एक साधा प्रश्न. 'सजीवांना राहण्याजोगा ग्रह' म्हणजे नेमका कसा ग्रह? आपल्या डोळ्यांसमोर लगेच निळे समुद्र, हिरवी जंगले आणि पांढरे ढग येतात. म्हणजे आपलीच पृथ्वी, फक्त पत्ता वेगळा. शास्त्रज्ञही सुरुवातीला असाच विचार करीत. गेल्या तीस वर्षांत मात्र आकाशात जे जे सापडत गेले, त्याने हा विचार पार उलटापालटा करून टाकला.

दिव्यासमोरची चिलटे

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह दिसत नाही. कारण सोपे आहे. तारा झगझगीत आणि ग्रह अंधारा. दोन मैलांवरच्या सर्चलाइटशेजारी उडणारे चिलट दिसावे, अशी अपेक्षा धरण्यासारखेच ते आहे. म्हणून खगोलशास्त्रज्ञ ग्रहाकडे न पाहता ताऱ्याकडे पाहतात. ग्रहाच्या ओढीमुळे तारा किंचित डुलतो. ते डुलणे ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात पकडता येते. याच पद्धतीने १९९५ मध्ये स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि दिदिए केलॉ यांनी '५१ पेगासी' या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एक ग्रह शोधून काढला. त्यासाठी २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तो ग्रह पाहून शास्त्रज्ञ चक्रावले होते. गुरूच्या निम्म्या वजनाचा हा वायूचा गोळा आपल्या ताऱ्याला अवघ्या सव्वाचार दिवसांत एक फेरी मारत होता! आपल्या सूर्यमालेत सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या बुधालाही त्यासाठी ८८ दिवस लागतात.

दुसरी पद्धत अधिक्रमणाची. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दिवशी सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना आपल्यापैकी अनेकांनी चष्मे लावून पाहिला असेल. तसाच एखादा ग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून गेला तर ताऱ्याचे तेज क्षणभर कमी होते. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर ही घट दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी भरते. तेवढी सूक्ष्म घट टिपण्यासाठी अमेरिकेने २००९ मध्ये केपलर दुर्बीण अवकाशात पाठवली. दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर टक लावून बसलेल्या या दुर्बिणीने २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत अडीच हजारांहून अधिक ग्रह मिळवून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा परक्या ग्रहांची एकूण संख्या सहा हजारांवर गेली.

त्यातल्या एकाचे नाव अस्सल भारतीय आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा ग्रह यांचे बारसे करण्याचा मान दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला विश्वकिरणांवर काम करणाऱ्या बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' हे नाव मिळाले, आणि ग्रहाला 'संतमसा', म्हणजे ढगांनी झाकोळलेला. हे दुसरे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. नाव गोड असले तरी संतमसावर राहायला जाण्याचा विचार नको. गुरूच्या दीडपट वजनाचा हा तप्त वायुगोळा ताऱ्याला सव्वादोन दिवसांच्या आत प्रदक्षिणा घालतो.

शेकोटीपासून किती दूर बसावे?

सहा हजारांतले बहुतेक ग्रह असेच आहेत, फार तापलेले किंवा नुसते वायूचे. ज्यांच्याकडे आशेने पाहावे असे थोडेच. त्यांची निवड करण्याची पहिली कसोटी म्हणजे पाणी. आपल्याला ठाऊक असलेला प्रत्येक जीव, मग तो हत्ती असो की जिवाणू, द्रवरूप पाण्यावाचून वाढत नाही. ग्रह ताऱ्याच्या फार जवळ असला तर पाण्याची वाफ होते, फार दूर असला तर बर्फ. मधे एक पट्टा असतो, जिथे समुद्र टिकू शकतो. थंडीत शेकोटीभोवती बसताना आपण आपोआप जे अंतर धरतो, तसा हा पट्टा. त्याला आपण सुखद पट्टा म्हणू.

पण हे नुसते अंतराचे गणित नाही. पृथ्वीवर हवेचे पांघरूण नसते, तर तिचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असते. पांघरुणामुळे ते १५ अंशांच्या आसपास राहते. शुक्राचे पांघरूण फारच जाड. त्याची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, दाब आपल्या नव्वदपट, आणि जमिनीवर साडेचारशे अंशांहून अधिक उष्णता. शिसेही वितळेल! उलट मंगळ सुखद पट्ट्याच्या कडेला असूनही कोरडा आणि गोठलेला. तो पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश वजनाचा. त्याचा गाभा लवकर निवला, चुंबकीय कवच नाहीसे झाले आणि हवा अवकाशात निसटून गेली. मंगळावर एकेकाळी नद्या वाहत होत्या, तळी होती, हे तिथे उतरलेल्या यानांनी दाखवून दिले आहे. म्हणजे राहण्याजोगे घर उजाडही होऊ शकते.

मग पृथ्वीच एवढी भाग्यवान का? तिच्या पोटात एक कारखाना चालू आहे. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड धुऊन खडकांवर आणतो, खडक झिजतात आणि तो कार्बन समुद्रतळाशी चुनखडीच्या रूपाने साचतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर कोसळणारा पाऊस वर्षानुवर्षे हेच करीत आला आहे. पुढे समुद्रतळाचे हे थर भूकवचाच्या हालचालींत खाली ओढले जातात आणि ज्वालामुखींतून तो वायू पुन्हा हवेत येतो. हवा तापली की झीज वाढते, निवली की कमी होते. घरातल्या इस्त्रीला आपोआप बंद-चालू होणारे बटण असते, तसे हे पृथ्वीचे बटण. कोट्यवधी वर्षे त्यानेच समुद्र राखले. परक्या ग्रहाच्या पोटात असा कारखाना आहे की नाही, हे इथे बसून कळण्याची सोय आज तरी नाही.

लाल ताऱ्यांचा वाडा

आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे सूर्यासारखे पिवळे नाहीत. ते लहान, मंद, लालसर आहेत. त्यांना लाल बटू म्हणतात. नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. सूर्याचे आयुष्य हजार कोटी वर्षांचे, तर हे लहानगे लाखो कोटी वर्षे मिणमिणत राहतील. ग्रह शोधायलाही ते सोयीचे. तारा लहान असल्याने समोरून जाणारा ग्रह त्याचे तेज अधिक झाकतो. त्यामुळे आज जे राहण्याजोगे ग्रह म्हणून गाजत आहेत, त्यांतले बरेचसे याच वाड्यातले भाडेकरू आहेत.

आपल्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हाही लाल बटू. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षे. २०१६ मध्ये त्याच्या सुखद पट्ट्यात साधारण पृथ्वीएवढ्या वजनाचा ग्रह सापडला. त्याचे वर्ष फक्त ११ दिवसांचे. त्याहून नवलाची गोष्ट 'ट्रॅपिस्ट-१' या ताऱ्याची. चाळीस प्रकाशवर्षांवरचा हा तारा गुरूपेक्षा थोडासाच मोठा आहे, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे तब्बल सात ग्रह फिरतात! २०१७ मध्ये हे सातही ग्रह जाहीर झाले. ही सारी मंडळी बुधाच्या कक्षेत सहज मावतील. एका ग्रहावर उभे राहिले तर शेजारचे ग्रह आकाशात आपल्या चंद्राएवढे किंवा त्याहून मोठे दिसतील. सातांपैकी निदान तीन सुखद पट्ट्यात आहेत.

वाचायला हे फार सुंदर वाटते. पण लाल ताऱ्यांजवळचे बिऱ्हाड सोपे नाही. शेकोटी मंद, म्हणून ग्रहाला अगदी तोंडाशी बसावे लागते. इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाचे तोंड बहुधा कायम ताऱ्याकडे राहते, जसे चंद्राचे आपल्याकडे. म्हणजे एका बाजूला न संपणारा दिवस, दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र, आणि मधे कायमच्या सांजवेळेची एक कडा. हवा पुरेशी दाट असेल तर वारे ही उष्णता सगळीकडे वाटून देऊ शकतात, असे गणिते सांगतात. खरी अडचण पुढेच आहे. हे तारे, विशेषतः तरुणपणी, भलतेच तापट असतात. त्यांच्यावर मोठमोठे भडके उडतात, क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा मारा होतो. त्या माऱ्यात ग्रहाची हवाच उडून जाण्याचा धोका असतो.

म्हणून आजचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा आहे, की लाल ताऱ्यांच्या खडकाळ ग्रहांवर हवा टिकली आहे का? डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण हाच तपास करीत आहे. २०२३ मध्ये तिने ट्रॅपिस्टच्या पहिल्या दोन ग्रहांचा अहवाल दिला. दाट हवेची खूण दोन्हीवर नाही. ते दोघे ताऱ्याच्या फारच जवळचे, त्यामुळे फार हळहळण्याचे कारण नव्हते. चौथ्या ग्रहाची तपासणी चालू आहे, आणि सगळ्यांचा जीव तिथे गुंतला आहे. तिथे हवा सापडली, तर विश्वात राहण्याजोग्या घरांची संख्या एकदम प्रचंड वाढेल. नाही सापडली, तर तीन चतुर्थांश ताऱ्यांचा वाडा बराचसा ओस आहे असे धरून चालावे लागेल. एका ग्रहाच्या हवेवर इतका मोठा हिशेब अवलंबून असल्याचे उदाहरण विज्ञानात क्वचितच सापडेल.

काही शास्त्रज्ञांना वाटते की, आपण शोध घ्यायला हवा तो सूर्याहून किंचित लहान अशा नारिंगी ताऱ्यांभोवती. ते लाल ताऱ्यांइतके तापट नाहीत आणि सूर्यापेक्षा कितीतरी अधिक जगतात. त्यांच्याभोवती पृथ्वीपेक्षा जरा मोठा, उबदार आणि उथळ समुद्रांचा ग्रह असेल, तर तो जीवसृष्टीला आपल्या पृथ्वीहूनही अधिक मानवेल, असे रेने हेलर आणि जॉन आर्मस्ट्राँग यांनी २०१४ मध्ये सुचवले. पृथ्वीहून चांगली पृथ्वी! कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण आपले घर हेच सर्वांत उत्तम घर, असे मानणारे शास्त्रज्ञ तरी किती काळ तसे मानत राहणार?

त्या बातमीचे पुढे काय झाले?

आता के२-१८ बी. हा ग्रह पृथ्वीच्या साधारण साडेआठपट वजनाचा आणि अडीचपटीहून थोडा अधिक रुंद. आपल्या सूर्यमालेत असा ग्रहच नाही. पृथ्वीनंतर आकाराने एकदम नेपच्यून येतो, मधली जागा रिकामी. पण आकाशगंगेत नेमके हे मधल्या मापाचे ग्रह मोप आहेत. ते आहेत तरी कसले? मोठाले खडक की छोटे नेपच्यून? २०२१ मध्ये मधुसूदन यांनी एक तिसरी शक्यता मांडली. खाली सगळीकडे खोल समुद्र आणि वर हायड्रोजनची दाट हवा. अशा ग्रहांना त्यांनी 'हायसिअन' म्हटले. हायड्रोजन आणि ओशन हे दोन शब्द जोडून. हायड्रोजनचे पांघरूण उबदार असल्याने अशा ग्रहाला ताऱ्यापासून दूर राहूनही चालते.

२०२३ मध्ये वेब दुर्बिणीला या ग्रहाच्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. एप्रिल २०२५ ची बातमी होती ती डायमिथिल सल्फाइड या वायूची. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म तरंगते जीव तयार करतात. समुद्रकाठी जो विशिष्ट वास येतो, त्यात याचाही वाटा असतो. म्हणूनच खळबळ उडाली.

परंतु मिळालेली खूण अगदी अंधुक होती. केवळ योगायोगाने अशी खूण उमटण्याची शक्यता हजारात तीन, असे त्या गटाचेच म्हणणे होते. आपल्याला हे पुरेसे वाटेल. पदार्थविज्ञानात शोध जाहीर करायचा तर ही शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी लागते. आणखी निरीक्षणे हवीत, असे मधुसूदन यांनीही स्पष्ट सांगितले होते. मथळ्यांत ते वाक्य आले नाही. नंतर इतर गटांनी तीच आकडेवारी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासली, तेव्हा ती खूण आणखीच फिकी पडली. त्यातच हा वायू सजीवांशिवायही तयार होतो हे पुढे आले होते. एका धूमकेतूवर तो सापडला आणि प्रयोगशाळेतही प्रकाशाच्या माऱ्याने बनवता आला. शिवाय त्या ग्रहावर समुद्र आहे की वितळलेल्या खडकाचा रस, यावरही वाद आहे.

म्हणजे बातमी खोटी होती का? तसे म्हणता येणार नाही. ती अर्धवट होती. शंभर-सव्वाशे प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या हवेत कोणते वायू आहेत यावर भांडता येते, हीच मुळात आपल्या आजोबांच्या पिढीला जादू वाटली असती. पुढच्या वेळी 'परग्रहावर जीवसृष्टी' असा मथळा दिसला, तर घरातल्या मुलांना दोन प्रश्न विचारायला सांगावेत. ही खूण दुसऱ्या कुणाला मिळाली का? आणि सजीवांशिवाय ती तयार होऊ शकते का?

बर्फाच्या छताखाली

इतका वेळ आपण ताऱ्याची ऊब गृहीत धरली. पण ऊन नसतानाही जीवन चालते का? १९७७ पर्यंत बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच होते. त्या वर्षी गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल, काळ्याकुट्ट समुद्रतळाशी पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे, लांबलचक नळ्यांसारखे कृमी यांची वस्तीच दिसली. या साऱ्यांचे पोट तिथल्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंवर चालले होते. जीव किती चिवट असतो, हे पाहायला आपल्यालाही फार लांब जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने झालेले, पाणी खारट आणि साबणासारखे क्षारयुक्त. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा मिठात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. ज्या पाण्यात मासाही तगत नाही, तिथे ही मंडळी रंगपंचमी खेळत होती!

म्हणून आता शोधाची दिशा आपल्याच सूर्यमालेकडेही वळली आहे. गुरूचा चंद्र युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान. वर कित्येक किलोमीटर जाडीचा बर्फ आणि खाली, सर्व पुराव्यांनुसार, खारट पाण्याचा समुद्र. त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावे. ते गोठत नाही, कारण गुरूच्या ओढीने हा चंद्र सतत पिळला जातो आणि त्या मळणीतून उष्णता निर्माण होते. शनीचा चंद्र एन्सेलाडस तर अवघा पाचशे किलोमीटर व्यासाचा, म्हणजे मुंबई-नागपूर अंतरापेक्षाही कमी. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे उडताना दिसले. यान त्या फवाऱ्यांतून आरपार गेले. त्यात मीठ, हायड्रोजन आणि कार्बनयुक्त रेणू सापडले, आणि २०२३ मध्ये जुनी नोंद पुन्हा तपासताना फॉस्फेटही मिळाले. आपल्या हाडांत आणि पेशींत जे फॉस्फरस असते, तेच. सामान बरेचसे जमले आहे. स्वयंपाक झाला आहे का, तेवढे कळायचे बाकी आहे.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर परक्या जिवाची पहिली खात्रीची खूण दूरच्या निळ्या ग्रहावरून येण्याऐवजी अशा एखाद्या बर्फाळ चंद्रावरून येईल, असे मला वाटते. कारण उघड आहे. तिथे जाता येते. व्हॉयेजर-१ यान १९७७ मध्ये निघाले आणि सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने धावते आहे. त्या वेगाने प्रॉक्झिमाला पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. उलट युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी फ्लोरिडाहून निघाले आहे आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचायचे आहे. ते युरोपाजवळून जवळजवळ पन्नास वेळा जाईल, काही वेळा तर अवघ्या पंचवीस किलोमीटरवरून. बर्फाच्या आत डोकावणारे रडार त्याच्यावर आहे. आणि एका छोट्याशा चिपवर जगभरच्या सव्वीस लाख लोकांची नावेही कोरलेली आहेत. आज शाळेत असलेली मुले तेव्हा आणखी मोठी झालेली असतील.